वाचकांचे प्रश्न : न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली पार्टी-पत्रकं

प्रश्न : 'शनिवार, ११ ऑगस्ट' एवढंच छापलेलं एक जुनं हिप-हॉप पार्टीचं पत्रक पाहिलं. साल कुठेच नाही. ते कसं ठरवायचं?

उत्तर : अशी पत्रकं जेमतेम काही आठवडे उपयोगी पडायची, त्यामुळे साल छापायची कुणाला गरज वाटत नसे. पण वार आणि तारीख यांची जोडी दर वर्षी जमत नाही. त्या काळात ११ ऑगस्टला शनिवार आला तो १९७३, १९७९ आणि १९८४ मध्ये. त्यातलं एक निवडायला नावं वाचा. कलाकाराच्या नावाशेजारी रेकॉर्ड कंपनीचा उल्लेख असेल तर १९७३ बाद. १९७९ चा ऑगस्टही अवघड, कारण रॅपची पहिली गाजलेली रेकॉर्ड 'रॅपर्स डिलाइट' बाजारात आली ती त्या वर्षीच्या सप्टेंबरात. एमसींची, म्हणजे माइकवर रॅप करणाऱ्यांची संख्याही बोलते : डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशबरोबर आधी तीन एमसी होते, मग चार झाले, नंतर 'फ्युरियस फाइव्ह'. कागदाच्या पिवळेपणावर मात्र विसंबू नका. हलका कागद उन्हात काही महिन्यांतच पिवळा पडतो.

प्रश्न : बडी एस्क्वायर आणि फेज टू यांची पत्रकं हातानं कशी तयार व्हायची? त्याच पद्धतीनं एक करून बघायचं आहे.

उत्तर : जरूर करा, हात बसायला वेळ लागतो एवढंच. दोघंही मूळचे ग्राफिटीवाले. फेज टूनं फुगीर, बुडबुड्यांसारखी अक्षरं रेल्वेच्या डब्यांवर आणली होती. पत्रकांत मात्र दोघांनीही आर्ट डेकोची शिस्त धरली. मध्यरेषा पक्की, दोन्ही बाजू सारख्या, पायऱ्यापायऱ्यांच्या चौकटी, आणि त्यात डीजेचं नाव सगळ्यात मोठं.

साडेआठ बाय अकरा इंचांचा जाड पांढरा कागद घ्या. चारही कडांना पाव इंच जागा मोकळी सोडा, फोटोकॉपी यंत्र अगदी काठापर्यंत छापत नाही. फिक्या निळ्या पेन्सिलीनं आधी उभी मध्यरेषा आखा, मग ओळी. हा निळा रंग छपाईच्या फिल्मवर उमटत नाही, म्हणून खोडावा लागत नाही. आजचा स्कॅनर मात्र तो पकडतो. स्कॅन करणार असाल तर रेघा आधी खोडा.

मोठी अक्षरं हातानं काढायची, बारीक मजकूर लेट्रासेटनं, म्हणजे पातळ पत्र्यावरून (शीटवरून) कागदावर घासून उतरवायच्या तयार अक्षरांनी. अक्षर जागेवर धरून बोथट टोकानं पूर्ण घासा आणि पत्रा एका कोपऱ्यातून हळूच उचला. अर्धवट घासलं तर अक्षराचा तुकडा पत्र्यावरच राहतो, फार जोरानं घासलं तर ते ताणून चिरतं. जुन्या पत्र्यांचा चिकटपणा गेलेला असतो, तेव्हा आधी रद्दी कागदावर एक अक्षर घासून बघा. चुकलेलं अक्षर चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलता येतं. दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीनं मोजू नका, नजरेनं जुळवा. रोमन लिपीतले ए आणि व्ही शेजारी आले की मोजून ठेवलेलं अंतरही मोठं दिसतं.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते फोटोत. साधा फोटो चिकटवून कॉपी काढली की मधले करडे रंग काळ्यात जातात आणि चेहऱ्याचा डाग होतो. म्हणून फोटो आधी ठिपक्यांच्या जाळीतून काढून घ्यायचा. इंचाला ६५ ओळींची जाडी जाळी कॉपीच्या कॉपीतही टिकते. १३३ ची बारीक जाळी दुसऱ्या-तिसऱ्या कॉपीला बुजते. फोटो रबर सिमेंट या गोंदानं चिकटवा : एकाच बाजूला लावलं तर सरकवता येतो, दोन्ही बाजूंना लावून वाळवलं तर पहिल्या स्पर्शालाच कायमचा बसतो. चिकटवलेल्या कडांची सावली कॉपीत रेघ होऊन येते. एक स्वच्छ कॉपी काढा, तिच्यावरच्या रेघा पांढऱ्या रंगानं बुजवा आणि तीच मूळ प्रत धरा.

प्रश्न : पार्ट्या कुठे व्हायच्या? आणि पत्रकांवर 'स्नीकर्स चालणार नाहीत' का लिहायचे?

उत्तर : सुरुवात इमारतीच्या सार्वजनिक खोलीतून. ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेलनं १५२० सेजविक अॅव्हेन्यू इथे ठेवलेल्या पार्टीत तिचा भाऊ कूल हर्क रेकॉर्ड वाजवत होता. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० आणि आमंत्रणं हातानं लिहिलेली. बागेतल्या जॅमना, म्हणजे उघड्यावरच्या पार्ट्यांना पैसे नसत. वीज बऱ्याचदा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून घेतलेली (हा प्रकार जिवावर बेतणारा, कुणी अनुकरण करू नये) आणि आवाज ऐकूनच माणसं जमत. त्यामुळे बागेतल्या जॅमपेक्षा पत्रकांत हॉलच जास्त दिसतात. ब्राँक्स रिव्हर वसाहतीतलं केंद्र, टी-कनेक्शन, एक्स्टसी गराज, डिस्को फीव्हर, हार्लेममधलं हार्लेम वर्ल्ड. हॉलचं भाडं तिकिटातून निघायचं, म्हणून पत्रक आणणाऱ्याला सवलत आणि ठरावीक वेळेआधी येणाऱ्या मुलींना मोफत प्रवेश. खाली शहरातल्या रेल्वेगाडीचा नंबर आणि स्टेशन, कारण पाहुणे दुसऱ्या मोहल्ल्यातून यायचे.

स्नीकर्सबंदी ही दारावरची गाळणी होती. लुटालूट, मारामारी करणारी पोरं पळायला सोपे बूट घालून येतात, असा मालकांचा समज. शिवाय सजूनधजून येणारा गिऱ्हाईक त्यांना हवा असायचा. बंदोबस्त कुणाचा हेही छापायचे. कॅसानोव्हा क्रूचं नाव वाचून वाचणाऱ्याला धीर यायचा. पत्रकाचा हा खालचा भाग मला वरच्या नक्षीइतकाच मोलाचा वाटतो, त्या शहराचा नकाशा त्यातच आहे.

प्रश्न : विकत घेतलेलं पत्रक मूळ आहे की नवी प्रत? आणि ठेवायचं कसं?

उत्तर : दहापट भिंगाखाली धरा. काळ्या छपाईत निळे, गुलाबी, पिवळे कण दिसले तर ती रंगीत प्रिंटरवरची नवी प्रत. कागदात घड्या, फाटक्या कडा, डाग छापलेले दिसत असतील पण बोटाला लागत नसतील, तर तीही नक्कल. अतिनील दिव्याखाली कागद चमकला म्हणून नवा ठरवू नका, चमक आणणारी रसायनं १९७० च्या आधीपासून कागदात होती. कॉर्नेल विद्यापीठात २००७ पासून हिप-हॉप संग्रह आहे. त्यातल्या पत्रकांच्या प्रती इंटरनेटवर पाहता येतात, अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

ठेवताना लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. पीव्हीसीची पाकिटं तर अजिबात नकोत. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य फोटोकॉपीची काळी पूड ओढून घेतं आणि अक्षरं पाकिटाला चिकटतात. पॉलिएस्टरचं पाकीट आणि मागे आम्लरहित पुठ्ठा घ्या, आडवं ठेवा. फ्रेम करून भिंतीवर लावायचीच असेल तर प्रत लावा, मूळ पत्रक अंधारात राहू द्या.