गोतात की गोत्यात?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: ‘आमच्या गावात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कोणाचं भांडण झालं की माझी आजी म्हणते, “येकट्या पाटलाचं काय चालते? गोताले बसवा, मंग बोला.” हे गोत म्हणजे जातपंचायतच ना? आणि गोतापुढे उभं राहावं लागायचं, त्यावरूनच “गोत्यात येणे” हा वाक्प्रचार आला का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजीच्याच वाक्यात दडलेलं आहे. आजी ‘गोताले’ म्हणते, ‘गोत्याले’ म्हणत नाही. आपण वावरात जातो आणि धुऱ्यावर बसतो. वावर हा अकारान्त शब्द, म्हणून वावरात. धुरा हा आकारान्त पुल्लिंगी, म्हणून धुऱ्यावर. त्याच चालीनं गोत असेल तर गोतात, गोतास, गोताले होणार. गोत्यात व्हायचं तर मूळ शब्द गोता असायला हवा. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण घ्या. तिथंही गोतास आहे, गोत्यास नाही. हा गोता अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. त्याचा अर्थ बुडी, डुबकी. पुरात माणूस गोते खातो, पतंग गोता खातो, तोच हा. गोत्यात येणे म्हणजे बुडायची वेळ येणे. न्यायसभेशी त्याचा संबंध नाही. उच्चार जवळजवळ सारखा असल्यानं दोघांची सोयरीक लावायचा मोह होतो, पण विभक्ती ती जुळू देत नाही.

आता गोत. संस्कृत गोत्र, प्राकृतात गोत्त, मराठीत गोत. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ नातलग, भाऊबंद. गणगोत, गोतावळा, जातगोत हे शब्द तिथलेच. म्हणून ताईंना जातपंचायत आठवली तर नवल नाही. पण शिवकाळातले आणि त्याच्या आगेमागचे निवाडे वाचताना वेगळंच चित्र दिसतं. तिथं ‘गोत’ ही न्याय करणारी सभा आहे, आणि तिच्यात एका जातीची माणसं नाहीत. पाटील आहे, कुळकर्णी आहे, शेटे-महाजन आहेत, शेजारच्या गावांचे मोकदम, म्हणजे पाटील, आहेत आणि सुतार, लोहार, न्हावी, परीट, चांभार, महार असे बलुतेदारही आहेत. वतन कोणाचं, पाटीलकीचा वडीलपणा कोणत्या घराण्याकडे, शीव कुठून जाते, असे तंटे या सभेपुढे यायचे. निवाडा कागदावर उतरला की त्याला म्हणायचे महजर. हा शब्द हजर याचा सख्खा भाऊ आहे: हजर असलेल्यांच्या समक्ष झालेला कागद. त्यावर हजर असलेल्यांची नावं एकाखाली एक येतात. अक्षर न येणारा पाटील आपल्या नावापाशी नांगर काढतो. नांगर हीच त्याची निशाणी, म्हणजे सही. बलुतेदारही आपापल्या हत्याराचं चित्र काढत. मला तर निवाड्याच्या मजकुरापेक्षा हा खालचा भागच जास्त बोलका वाटतो, कारण गोत म्हणजे कोण हे तिथं नुसतं पाहूनच समजतं.

सगळे समान होते, असा याचा अर्थ घेऊ नये. बसण्याची जागा आणि मान जातीप्रमाणेच ठरलेला होता. पण शिवेचा तंटा आला की महाराची साक्ष टाळता येत नव्हती. गावाची शीव तोच राखायचा, आणि खरी शीव दाखवायला त्यालाच पुढे चालावं लागे. ज्याला एरवी गावाबाहेर राहावं लागे, त्याच्या पावलावर गावाची हद्द ठरायची.

इथं एक जुना दाखला फार कामाचा आहे. याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात न्याय करणाऱ्या सभा उतरत्या क्रमानं सांगितल्या आहेत: राजानं नेमलेले अधिकारी, मग पूग, मग श्रेणी, मग कुल. कुल म्हणजे नातेवाइकांची सभा आणि श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची. पूग म्हणजे काय, ते याच स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वरानं उलगडलं आहे: वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळी कामं करणाऱ्या, पण एका ठिकाणी राहणाऱ्या लोकांचा समूह. आपलं गोत नावानं कुलाकडचं आहे आणि कामानं पूगाकडचं. भाऊबंदांसाठी असलेला शब्द एका गावात राहणाऱ्या सगळ्यांसाठी वापरला गेला. या शब्दात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. जातपंचायत वेगळी. ती एका जातीची आणि त्या जातीपुरती.

गोत ही एकटीच न्यायसभा नव्हती. परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि सरकारी अंमलदार एकत्र बसले की ती मजालस. आपण आज बैठकीला मजलस म्हणतो तोच शब्द. प्रायश्चित्त, शुद्धी असल्या गोष्टी ब्रह्मसभेकडे, म्हणजे विद्वान ब्राह्मणांच्या सभेकडे, जात, आणि त्यासाठी पैठणचं नाव मोठं होतं. आपल्या गावचं गोत समोरच्याच्या बाजूचं आहे असं वादीला वाटलं, तर तो तंटा दुसऱ्या ठिकाणी नेण्याची मागणी करू शकत होता. त्याला परस्थळ म्हणत. साक्षीपुराव्यानं काहीच ठरेना तर शेवटी दिव्य. उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, म्हणजे रवा काढायचा. ‘दिव्यातून जाणे’ म्हणताना आपल्याला त्या कढईची आच लागत नाही. पुढे पेशवाईत या सभांची जागा हळूहळू पंचायतीनं घेतली.

या सभा मोडल्या, पण त्यांचे शब्द मागे राहिले आणि त्यांचे अर्थ बदलले. राजीनामा म्हणजे आज नोकरी सोडल्याचा कागद. तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघंही ‘पंच जे ठरवतील त्याला आम्ही राजी’ असं लिहून देत, तो राजीनामा. गुन्हेगारी म्हणजे आज गुन्ह्यांचा सुळसुळाट. तेव्हा हरलेल्याकडून घ्यायच्या दंडाला गुन्हेगारी म्हणत. जिंकलेलाही सुटत नसे. तो सरकारात द्यायचा ती हरकी, म्हणजे हर्षाची रक्कम, आणि तिच्या जोडीला शेरणी. ही शेरणी आपल्या विदर्भात अजून जिवंत आहे. नवस फिटला, पोरगं पास झालं की आपण शेरणी वाटतो. मूठभर चिरंजी किंवा गूळ-खोबरं हातावर ठेवतो. जिंकलेल्यानं आनंदानं द्यायचं, हा तिचा जुना भाव अजून तसाच आहे.

विदर्भाचा इतिहास याबाबतीत जरा गुंतागुंतीचा आहे. वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांची दोअमली, म्हणजे दोघांचा एकत्र अंमल, होता. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. त्याच वर्षी तिसरे रघुजी वारले आणि लगेच नागपूरचं राज्यही खालसा झालं. मग कोर्ट, स्टॅम्प, वकील आले. तिकडे पुण्या-साताऱ्याकडे मुंबई इलाख्याच्या कायद्यामुळे ‘मामलेदार कोर्ट’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसला. आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतो, म्हणून आपल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तहसील आणि तहसीलदारच येतात. 2007 पासून तंटामुक्तीची समिती आली, पण तिला कोणी गोत म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन भावांचा धुऱ्याचा तंटा पारावर आला होता. मोठ्यानं दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, धुरा कोरून आत घेतला, अशी धाकट्याची तक्रार होती. पारावर दोघांचे सोयरे होते, आणि ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही असा गावचा म्हातारा सुतारही होता. दोर धरायला त्यालाच वावरात नेलं. ‘हा कोणाच्याच घरचा नाही,’ असं माझे आजोबा म्हणाले होते. त्या दिवशी ‘गोत’ शब्द कोणी उच्चारला की नाही, ते मला आठवत नाही.

ताई, म्हणून आजीला एक विचारून पाहा. ‘गोताले बसवा’ म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे कोण कोण बसलेलं असतं? फक्त भाऊबंद असतील तर तिचा शब्द आजच्या अर्थाचा. सुतार, न्हावी, वरच्या आळीचे, खालच्या आळीचे सगळे असतील तर तो महजरातला. आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, आहे तसं लिहून मला पाठवा.