एमएससाठी कर्ज काढण्याआधी
अमेरिकेत इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये एमएस करण्याचा विचार जरूर करा, पण आधी हिशेब मांडा. कॉलेज स्कोअरकार्ड या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावरील पगार आणि कर्जाचे आकडे तिथली सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. ते स्वतःला लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक. ४० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे, तर हप्ता सुमारे ५३ हजार रुपये पडतो, आणि शिकत असताना व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात मिळून हप्ता आणखी चढतो. एच-१बी (अमेरिकेत नोकरीसाठीचा व्हिसा) मिळेलच असे नाही, म्हणून हा हप्ता पुण्यातल्या पगारातून झेपेल का, हेही पाहा. अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित विषयांच्या, यादीत आहे ना, हे मात्र विद्यापीठाकडून लेखी घ्या (नावावर जाऊ नका). असल्यास १२ महिन्यांची ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर आपल्या विषयात काम करण्याची परवानगी) २४ महिन्यांनी वाढू शकते. करसवलतीचे प्रवेशानंतर पाहू.