नौदल दिनाचा सत्कार करताना

प्रश्न : आमच्या कुलाब्यातील सोसायटीत नौदलातील तीन कुटुंबं राहतात, त्यांत एक वीरपत्नी आहेत. ४ डिसेंबरला सत्कार करायचा आहे. काय सांभाळावं?

उत्तर : आधी प्रत्येकीच्या घरी जाऊन विचारा. वीरपत्नींना तर नक्कीच. काहींना मंचावर येणं फार जड जातं. पतीचं नाव आणि हुद्दा त्यांच्याकडूनच लिहून घ्या. हुद्द्यात चूक हमखास होते आणि ती मनाला लागते.

ज्यांचे पती सध्या समुद्रावर आहेत, त्यांच्याबाबत जहाजाचं नाव, ठिकाण, परतण्याची तारीख माईकवर सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकू नका. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. उत्साहात हेच विसरलं जातं.

निवेदनात दिवसाचं कारण सांगा : १९७१ मध्ये याच रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्याच युद्धात ९ डिसेंबरला बुडालेल्या आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेचंही स्मरण करा.

टेबलावर तिरंगा अंथरू नका, ध्वजसंहितेत ते बसत नाही. राष्ट्रगीत पूर्ण, सुमारे ५२ सेकंद. भाषणं दोनच. शालीपेक्षा वर्षभर उपयोगी पडेल असं काही द्या, जसं पती बाहेर असताना गॅस, प्लंबर, दवाखान्यासाठी धावून येणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे नंबर.