पेट्यांचा आकडा आणि पायथनची तपासणी

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. हंगामात रोज किती पेट्या वाशीला गेल्या आणि पेटीमागे काय भाव मिळाला, याची नोंद ठेवण्यासाठी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आहे. आकडे बाबा भरतात. त्यांनी ‘१२ पेट्या’ असे लिहिले किंवा नुसतेच एंटर दाबले, की प्रोग्राम बंद पडतो. मित्राच्या सांगण्यावरून, चूक आली तर शून्य धरावे, अशी सोय मी आता केली आहे. हे योग्य आहे का?
– एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : शून्य धरण्याची सोय कृपया आजच काढून टाकावी. प्रोग्राम बंद पडतो तेव्हा काहीतरी बिघडले आहे हे बाबांना निदान कळते. शून्य धरले की त्या दिवशीच्या बारा पेट्या हिशेबातून मुकाट्याने नाहीशा होतात, आणि हंगाम संपल्यावर दलालाची पट्टी, म्हणजे त्याने दिलेला विक्रीचा हिशेब, व आपली नोंद जुळली नाही, तर चूक कोणत्या तारखेची हे शोधणे फार कठीण होते. शिवाय पावसामुळे तोडणी थांबून एखाद्या दिवशी खरोखरच एकही पेटी गेली नसेल, तर तो शून्य आणि चुकीतून आलेला शून्य यांत काहीच फरक उरत नाही.

‘इनपुट’ हे फंक्शन, काहीही टंकले तरी, मजकूरच परत देते. त्याचे पूर्णांकात रूपांतर ‘इंट’ करते आणि ते जमले नाही तर ‘व्हॅल्यूएरर’, म्हणजे मूल्य चुकीचे असल्याची त्रुटी, येते. म्हणून रूपांतराची ओळ ‘ट्राय’मध्ये (करून पाहण्याच्या भागात) ठेवावी, ‘एक्सेप्ट’पुढे (चूक आल्यास काय करायचे त्या भागात) ‘व्हॅल्यूएरर’ हे नाव स्पष्ट लिहावे आणि हे सारे ‘व्हाइल’ लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, घालून योग्य आकडा मिळेपर्यंत पुन्हा विचारावे. नाव न लिहिता नुसते ‘एक्सेप्ट’ ठेवले, तर कंट्रोल-सी दाबून बाहेर पडण्याचा प्रयत्नही चूक म्हणून गिळला जातो आणि बाबा लूपमध्ये अडकून पडतात.

मजकुरात सगळे अंकच आहेत का, हे रूपांतरापूर्वी ‘इझडिजिट’ने तपासण्याची पद्धत बरीच रूढ आहे, मला ती पसंत नाही. आकड्यामागे चुकून एक स्पेस पडली तरी ती नकार देते, वास्तविक ‘इंट’ कडेच्या मोकळ्या जागा स्वतःच वगळते. उलट संख्येचा वर्ग दाखवण्यासाठी वर लिहिला जाणारा लहानसा दोन तिला अंक वाटतो, पण ‘इंट’ला तो चालत नाही. देवनागरी अंकांची मात्र चिंता नसावी. ‘१२’ देवनागरीत टंकले तरी ‘इंट’ ते बारा असेच वाचते, तेव्हा बाबांना मराठी कीबोर्ड बदलायला लावू नये.

भावाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागेल. ‘१,८००’ मधल्या स्वल्पविरामावर ‘इंट’ आणि दशांश संख्येत रूपांतर करणारे ‘फ्लोट’ दोन्ही अडतात. स्वल्पविराम सरसकट काढून टाकावा असे वाटेल, पण दशांशचिन्हाऐवजी चुकून स्वल्पविराम पडलेला ‘१८००,५०’ मग एक लाख ऐंशी हजार पन्नास होतो. त्यामुळे तो काढलाच तर पुढे भावाची मर्यादा तपासणे अनिवार्य आहे. ही अट ‘शून्याहून कमी असेल तर नाकारा’ अशी न लिहिता ‘शून्याहून जास्त आणि मर्यादेच्या आत असेल तरच स्वीकारा’ अशी लिहावी. याला कारण आहे: ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’ असा अर्थ असलेली इंग्रजी तीन अक्षरे, ‘फ्लोट’ बिनतक्रार स्वीकारते, आणि त्या मूल्याशी लहान-मोठेपणाची कोणतीही तुलना असत्यच ठरते. पहिल्या अटीतून ते निसटते, दुसरीत अडकते.

पेट्यांची मर्यादा बाबांनाच विचारून ठरवावी, कारण एका दिवसात बागेतून किती माल निघू शकतो हे त्यांनाच ठाऊक असते. तिच्या वरचा आकडा थेट फेटाळू नये. भर हंगामात तो खराही असू शकतो. ‘१२० पेट्या, बरोबर आहे का?’ असे विचारून होकार घ्यावा. आणि जिथे नकार द्यायचाच आहे तिथे ‘चुकीची माहिती’ एवढेच न म्हणता ‘फक्त आकडा लिहा, उदाहरणार्थ १२’ असे दाखवावे.