स्टँडअपवाल्याला टीव्हीवर विनोदी लेखक होता येतं का?

इंदूरमध्ये दोन वर्षं ओपन माइक (नवख्यांसाठी खुला मंच) करतोयस म्हणालास, म्हणजे शिरता येईल. पण काम वेगळं आहे बरं का. स्टेजवर वाक्य तुझं, तोंडही तुझंच. टीव्हीत ते दुसऱ्याच्या तोंडी जातं.

मी मुंबईत एका कार्यक्रमासाठी स्किटं लिहायचो. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या पोह्यांवर भुरभुरतात त्या जिरावण मसाल्यावरचा माझा हमखास हशा तिथं सपशेल आपटला. जिरावण कुणाला ठाऊकच नव्हतं! 'चाट मसाला' करून पाहिलं, गंमतच गेली. शेवटी पोहे राहिले बाजूला आणि कंजूष सासऱ्यावर हशा मिळाला. असं दर आठवड्याला, तेही वेळेत.

आपल्या इंदूरचाच स्टँडअपवाला झाकिर खान बघ. २०१२ मध्ये कॉमेडी सेंट्रल वाहिनीची स्टँडअप स्पर्धा जिंकला, २०१८ मध्ये स्वतःच लिहिलेली वेब मालिका घेऊन आला आणि मुख्य भूमिकाही त्याचीच. पण तो रस्ता नाव झाल्यावरचा.

तू आधी तीन-चार छोटी स्किटं लिही, प्रत्येकात किमान दोन पात्रं हवीत. नुसती बडबड कुणी वाचत नाही. पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेकडे स्किटांची नोंदणी कर, आणि श्रेयनामावलीत नाव येणार का ते करारातच लिहून घे. मी घेतलं नव्हतं.