देव माणसांत राहायला आला म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलेल्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. देव सर्वव्यापी आहे असं ख्रिस्ती लोकही मानतात, मग तो 'आला' म्हणजे कुठून आला? आणि हे अवतार घेण्यापेक्षा वेगळं ते काय? मी ख्रिस्ती आहे, चर्चमध्ये बायबलचे वर्ग घेतो. तिथेही हे दोन्ही प्रश्न हमखास निघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे नासरेथच्या येशूमध्ये देव स्वतः माणूस झाला, माणसासारखा जगला, मेला, पुन्हा उठला, आणि ते माणूसपण त्याने आजही टाकलेलं नाही. याला देहधारण म्हणतात. नाताळ हा त्याचाच सण. पण ही गोष्ट नाताळला सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ नाताळ सुटा काढून पाहिल्यामुळेच होतो.

तुमचा पहिला प्रश्न इस्राएलच्या शलमोन राजालाही पडला होता. यरुशलेमचं मंदिर बांधून झाल्यावर, समर्पणाच्या प्रार्थनेतच तो विचारतो: देव खरंच पृथ्वीवर राहील का? आकाशात, आकाशापलीकडच्या आकाशात तू मावत नाहीस, तर मी बांधलेल्या या घरात कसा मावशील? तेव्हा बायबल लिहिणाऱ्यांना देव एका खोलीत बसलेला वाटत होता, असं मुळीच नाही. पण सर्वत्र असणं वेगळं आणि कुणासोबत राहणं वेगळं. पूरग्रस्त भागाची हवाई पाहणी करणाऱ्याला वरून सगळं दिसतं, कदाचित खालच्या माणसापेक्षा जास्तच दिसतं. त्याच चिखलात येऊन बिऱ्हाड करणारा मात्र निराळा. बायबलची कथा या बिऱ्हाडाची आहे.

तिची सुरुवात एका तंबूपासून होते. मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सुटलेले इस्राएली लोक रानात राहुट्या ठोकून राहत होते, तेव्हा देव त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, सांगतो की माझ्यासाठी पवित्रस्थान उभारा, म्हणजे मी त्यांच्यामध्ये राहीन. लोक तंबूत, तर देवाचं घरही तंबूच, उचलून पुढे नेता येईल असा निवासमंडप. तो छावणीच्या कडेला नव्हता. चारही बाजूंना इस्राएलच्या तीन-तीन वंशांच्या राहुट्या आणि मधोमध हा. पण आत पडदा, पडद्यामागे परमपवित्रस्थान, आणि तिथे पाऊल टाकायची मुभा एकट्या मुख्य याजकाला, तीही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताचं रक्त घेऊन. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तो मंडप देवाच्या तेजाने भरतो, तेव्हा खुद्द मोशेलाही आत जाता येत नाही. शेजार झाला, पण येणंजाणं नाही.

शलमोनाच्या मंदिरातही हीच रचना होती. पुढे यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्तात दिसतं की देवाचं तेज मंदिरातून उठतं, उंबरठ्यापाशी थांबतं आणि मग शहराच्या पूर्वेकडच्या डोंगरावर निघून जातं. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने ते मंदिर जाळलं. बंदिवासातून परतलेल्यांनी दुसरं मंदिर बांधलं खरं, पण त्याच्या परमपवित्रस्थानात कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, नव्हता, आणि मोशेच्या मंडपावर उतरलं तसं तेज त्या मंदिरावर उतरल्याचं वर्णन बायबलमध्ये नाही.

शुभवर्तमानं म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची, येशूचं जीवन सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं. वरचं एवढं माहीत असलं की योहानाच्या शुभवर्तमानातलं प्रसिद्ध वाक्य नीट कळतं ('शब्द' म्हणजे इथे येशू): शब्द देही झाला, त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, आणि आम्ही त्याचं तेज पाहिलं. पडद्यामागचं तेज आता एका माणसात आहे, असं योहान म्हणतोय.

आणि वस्ती म्हणजे खरीच वस्ती. येशूने शिकवायला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता, असं लूक सांगतो. त्याआधीच्या बहुतेक वर्षांबद्दल शुभवर्तमानं गप्प आहेत. जन्माच्या वेळच्या कथा आणि बाराव्या वर्षीचा मंदिरातला एक प्रसंग सोडला तर जवळजवळ काहीच नाही. गावचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. जगाला वाचवायला आलेल्याने आयुष्याचा मोठा भाग असा बिनबोभाट काढावा, हे मला सगळ्या चमत्कारांपेक्षा जास्त थक्क करतं. पुढेही तो चालून दमतो आणि विहिरीपाशी बसतो, पाणी मागतो, वादळात होडीच्या मागच्या भागात उशीवर डोकं टेकून झोपतो, मित्राच्या कबरीपाशी रडतो.

या वस्तीने काय बदललं, ते मार्कच्या पाचव्या अध्यायात फार जवळून दिसतं. १२ वर्षं रक्तस्राव होणारी एक स्त्री आहे. वैद्यांपायी सगळा पैसा संपला आणि दुखणं उलट वाढलंच. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा स्त्रीला विटाळ. ती बसली ती जागा विटाळलेली, जो शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. मंदिराची वाट तर बंदच. ती गर्दीतून, मागून, कुणाला न कळता येशूच्या वस्त्राला हात लावते. नियमाप्रमाणे आता तो अशुद्ध व्हायला हवा. होतं उलटंच: ती बरी होते. येशू तिथेच थांबतो, मला कोण शिवलं असं विचारतो. शिष्य वैतागतात, एवढी माणसं ढकलाढकली करतायत आणि तुम्ही हे काय विचारता! ती थरथरत पुढे येऊन सगळं सांगते, आणि तो तिला चारचौघांत 'मुली' म्हणतो. आधी पावित्र्याला अशुद्धतेपासून जपावं लागायचं, म्हणून पडदे. इथे पावित्र्यच बाहेर पडून अशुद्धतेला भिडतं आणि तिला पुरून उरतं. येशू मेला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय लिहितो. त्याचाही रोख हाच.

आता चर्चच्या इतिहासाकडे वळतो, पण धावतच. काही लोक म्हणाले की येशूचं शरीर म्हणजे नुसता भास होता. आलेक्झांड्रियाचा आरियस म्हणाला की तो श्रेष्ठ खरा, पण देवाने निर्माण केलेलाच. इ.स. ३२५मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने आरियसचं मत फेटाळलं. इ.स. ४५१मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने येशू खरा देव आणि खरा माणूस असल्याचं ठरवलं, दोन्हींची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. हा कीस काढण्यामागे एक साधी काळजी होती. शरीर भास असेल तर देव आलाच नाही. येशू देवाहून खालचा कुणी असेल तर निरोप्या आला, देव नव्हे. चौथ्या शतकातल्या नाझियांझसच्या ग्रेगरी या बिशपाने म्हटलं होतं की त्याने जे धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. म्हणून मन, भूक, भीती, मरण, सगळंच त्याने घेतलेलं असायला हवं.

अवताराबद्दल. गीतेच्या चौथ्या अध्यायात धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा, युगायुगात, भगवंत प्रकट होतात. ख्रिस्ती देहधारण एकदाच झालेलं आहे, एका ठरावीक काळात, रोमी साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, आणि ते पुन्हा होणार नाही. त्याहून मोठा फरक पुढे आहे. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना हातपाय दाखवतो, त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो, आणि त्याच देहासह त्याचं स्वर्गारोहण होतं. काम झालं, देह ठेवला, असं नाही. देवाने माणूसपण कायमचं आपलंसं केलं, असा हा दावा आहे. तो पटो न पटो, नेमका दावा काय आहे ते कळावं म्हणून लिहिलं. कुठली परंपरा वरचढ हा विषय नाही.

मग आज देव कुठे राहतो? येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो की तुम्ही देवाचं मंदिर आहात, देवाचा आत्मा तुमच्यात राहतो. ही मंडळी कशी होती? गटबाजीने पोखरलेली, एकमेकांना कोर्टात खेचणारी, प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) श्रीमंतांनी आधी खाऊन घ्यावं आणि गरिबांनी उपाशी राहावं अशी. त्यांना, सगळ्यांना मिळून, पौल मंदिर म्हणतो. चर्चमधल्या राजकारणाला विटलेल्यांना मी हे पत्र अख्खं वाचायला सांगतो.

शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, माणसं मरून वर जातात आणि गोष्ट संपते, असं नाही. नवं यरुशलेम स्वर्गातून खाली उतरतं आणि वाणी होते की देवाची वस्ती माणसांबरोबर आहे. त्या नगरीची लांबी, रुंदी, उंची सारखीच दिली आहे, प्रत्येकी १२,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप). हा आकडा विचित्र वाटतो, पण शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थानही २० हात लांब, २० हात रुंद, २० हात उंच होतं, आणि तेही सोन्याने मढवलेलं. म्हणजे अख्खी नगरीच परमपवित्रस्थान झाली आहे. म्हणून तर तिथे मंदिर दिसलं नाही, असं लेखक लगेच पुढे सांगतो. 'मेल्यावर स्वर्गात जाणं' हाच ख्रिस्ती धर्म, असं बरेच ख्रिस्तीही समजतात. बायबलचा शेवट मात्र उलट दिशेने येतो.

एक मतभेद सांगायलाच हवा, कारण वेगवेगळ्या चर्चमध्ये तुम्हाला वेगवेगळं ऐकायला मिळेल. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. बरेच प्रॉटेस्टंट प्रभुभोजन हे स्मरण मानतात, काही आत्मिक उपस्थिती मानतात. १५२९मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन प्रॉटेस्टंट पुढारी समोरासमोर बसले, बहुतेक मुद्द्यांवर जुळलं, आणि या एकावर अडलं ते अडलंच. तेव्हा हा प्रश्न एखाद्या कॅथलिक फादरांना आणि एखाद्या प्रॉटेस्टंट पाळकांना, दोघांनाही विचारून पाहा. देहधारणावर दोघं एकच सांगतील, भाकरीवर नाही.