लोखंडी खिळा बुडतो, मग जहाज का तरंगते?

चि. ईशा हिस, अनेक आशीर्वाद.

लोखंडाचा खिळा बुडतो आणि हजारो टनांचे लोखंडी जहाज तरंगते, हे शाळेत इंग्रजीतून शिकवले तरी नीट उमगले नाही, तेव्हा आपल्या मराठीत हे कसे समजावतात, असे तू विचारलेस. मी परदेशी असल्याने समोर बसून सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

'जड वस्तू बुडते, हलकी तरंगते' हे वाक्य आधी बाजूला ठेव, कारण सारा घोळ त्यातच आहे. स्थिर पाण्याच्या मधोमध 10 सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा पाण्याचाच एक ठोकळा आहे, अशी कल्पना कर. त्याचे वजन 1 किलो भरेल. तरीही तो खाली जात नाही, वरही येत नाही. म्हणजे भोवतालचे पाणी त्याला बरोबर तेवढ्याच बलाने उचलून धरत असले पाहिजे. हे बल येते कोठून? खोली वाढते तसा पाण्याचा दाब वाढतो, आणि ठोकळ्याचा तळ माथ्यापेक्षा 10 सेंटिमीटर खोल असल्यामुळे तळाला वर ढकलणारा दाब माथ्याला खाली रेटणाऱ्या दाबापेक्षा अधिक भरतो. आता त्याच जागी तेवढाच लोखंडी ठोकळा ठेव. भोवतालच्या पाण्याच्या लेखी काहीच बदललेले नाही. खोली तीच, दाब तोच, म्हणून वर ढकलणारे बलही तेच. लोखंडाचे वजन मात्र सुमारे 7.9 किलो, म्हणून तो बुडतो. पण ताणकाट्याला टांगून पाण्यात सोडलास, तर काटा 6.9 किलोच दाखवेल. वस्तू जेवढे द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते, हे आर्किमिडीजचे इ.स.पू. तिसऱ्या शतकातले तत्त्व ते हेच. मला हा युक्तिवाद फार सुंदर वाटतो, कारण तो कळला की पाठ करण्यासारखे काही उरतच नाही.

जहाजाचे कोडेही इथेच सुटते. तोच ठोकळा ठोकून साधारण 3 मिलिमीटर जाडीचा पत्रा केला आणि त्याची 30 सेंटिमीटर लांब-रुंद, 20 सेंटिमीटर उंच अशी उघडी पेटी बनवली, तर ती जेमतेम 9 सेंटिमीटर पाण्यात जाईल, कारण तेवढ्यातच तिने 7.9 किलो पाणी बाजूला सारलेले असते. लोखंड तेवढेच आहे, फक्त आता त्याने पोटात हवा धरून जागा अधिक अडवली आहे. पेटीला भोक पडून हवेच्या जागी पाणी शिरले, की ती पुन्हा बुडणारच.

समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून समुद्रातून नदीत शिरणारे जहाज थोडे अधिक खाली बसते. किती माल भरता येईल हे दाखवणाऱ्या, जहाजाच्या बाजूवर रंगवलेल्या रेषांत गोड्या पाण्याची रेषा वेगळी असते, ती याचसाठी. बर्फाची घनता पाण्याच्या 0.92 पट, म्हणून हिमनगाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग पाण्याखाली राहतो.

आता एक प्रयोग. वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेव आणि दोऱ्याला बांधलेला दगड त्यात पूर्ण बुडेल असा धर. दोरा तुझ्या हातातच असू दे, दगड तळाला टेकू देऊ नकोस. पाणी दगडाला वर ढकलत असेल, तर दगडही पाण्याला खाली ढकलत असणार. मग काट्यावरचा आकडा किती ग्रॅमने वाढेल, हे आधी वहीत लिही, नंतर करून पाहा, आणि दोन्ही आकडे मला कळव.

तुझी,
आई